कीपरची कारकीर्द आकड्यांतून कशी वाचायची

बावीस वर्षं क्लबच्या सामन्यांना स्कोअर लिहिला. कीपरच्या धावा बघून त्याला निकालात काढणारे तेवढ्या काळात ढिगाने भेटले. त्यांच्यासाठी हे लिहितोय, उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या रॉड मार्शचं.

96 कसोटी, 3633 धावा, सरासरी साडेसव्वीस. इथेच वही मिटलीत तर फसलात.

आधी बळींची फोड करा. एकूण 355, झेल 343, यष्टीचीत जेमतेम 12. आता शेजारी ऑस्ट्रेलियाचाच जुना कीपर बर्ट ओल्डफील्ड मांडा: 54 कसोटी, 130 बळी, त्यात 52 यष्टीचीत. म्हणजे मार्शचे हात जड होते का? मुळीच नाही. ओल्डफील्डपुढे आर्थर मेली आणि क्लॅरी ग्रिमेट फिरकी टाकायचे. मार्श उभा राहायचा लिली-थॉमसन या वेगवान जोडीला, स्टंपांपासून लांब मागे. तिथून बेल्स कशा उडवणार? म्हणून कीपरच्या नावाशेजारी गोलंदाजाचं नाव लिहायची सवय लावा. 'झे. मार्श गो. लिली' ही ओळ कसोटीत 95 वेळा आली आहे. गंमत म्हणजे लिलीचे बळीही 355च, आणि जानेवारी 1984 मध्ये सिडनीला दोघे एकाच कसोटीनंतर थांबले.

वर्षवार वाचा, हेही महत्त्वाचं. 1970-71 च्या पहिल्याच मोसमात चेंडू सुटले म्हणून लोक त्याला 'लोखंडी हातमोजे' म्हणत. एकूण बेरजेत हे दिसत नाही.

काही गोष्टी तर वहीतच नसतात. मार्च 1977, मेलबर्नची शताब्दी कसोटी. इंग्लंडचा रँडल 161 वर, पंचांनी झेलबाद दिलेला. मार्शनेच सांगितलं, चेंडू आधी टेकला होता. रँडल परत आला, 174 पर्यंत गेला. मी तिथे असतो तर आधी खोडरबर शोधला असता! ऑस्ट्रेलिया जिंकली, 45 धावांनी.

खेळ सोडल्यानंतरच्या कामाला मात्र रकानाच नाही. 1990 पासून दहाएक वर्षं तो ॲडलेडची अकादमी चालवत होता, पुढे इंग्लंडचीही. ते काम वाचायचं तर दुसऱ्यांची पानं उघडा; पाँटिंगचं आधी, तो तिथे पोरवयात आला होता. 2014 मध्ये मार्श ऑस्ट्रेलियाच्या निवड समितीचा अध्यक्ष झाला. नोव्हेंबर 2016 मध्ये होबार्टला संघ 85 वर गुंडाळला गेला, कसोटी गेली, आणि त्याने राजीनामा दिला. ते 85 मी त्याच्याच पानावर लिहून ठेवलेत, पेन्सिलीने.