पोटावरची पिशवी घेऊन घरी येण्याआधी

ऑपरेशन ठरवून होणार असेल तर पेशंटला रोजच्याच कपड्यांत न्या. स्टोमा, म्हणजे शौच बाहेर यावी म्हणून आतड्याचं तोंड पोटावर काढतात ते, कुठे काढायचा याची खूण आधी पेनाने करतात. नाडा कुठे बांधता, खाली बसल्यावर पोटाला घडी कुठे पडते, हे तेव्हाच दाखवा. आमच्या मामाजींचं ऑपरेशन रातोरात झालं, आता पायजम्याचा नाडा नेमका पिशवीवर येतो.

सुट्टी व्हायच्या आधी पिशवी बदलताना नुसतं पाहू नका. एकदा पेशंटनं, एकदा घरातल्या कोणीतरी नर्ससमोर बदलून दाखवा. मापाचा कागद मागून आणा. सूज उतरते तसा स्टोमा सहा-आठ आठवडे लहान होत जातो, म्हणून पिशवीच्या चिकटणाऱ्या भागातलं भोक दर वेळी मोजूनच कापायचं, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं. मी पहिल्यांदा अंदाजानं कापलं, चांगलं बोटभर मोठं. दोन दिवसांत भोवतीची कातडी सोलल्यासारखी लाल झाली न् मामाजी रात्रभर कण्हत राहिले. खुद्द स्टोमाला मात्र दुखणं कळत नाही. पुसताना थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. तो लालसर, ओला असायला हवा. काळा-जांभळा पडला, किंवा पिशवी कोरडीच राहून पोट फुगलं आणि उलट्या लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका, गाडी काढा.

कातडी साध्या पाण्यानं धुवा, कोरडी करा. खोबरेल, पावडर, डेटॉल काही नको. तेलावर पिशवी चिकटतच नाही.

महिनाभराच्या पिशव्या आधीच आणून ठेवा, नंबर लिहून ठेवा. तालुक्याच्या मेडिकलात मिळतीलच असं नाही. उन्हाळ्यात टिनाखाली ठेवू नका, मधल्या गार खोलीत ठेवा.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर मे महिन्यात नुसत्या पाण्यावर भागत नाही, ओआरएस घरात हवंच. लघवी कमी झाली की दवाखाना. भुईमुगाचे दाणे, मक्याचं कणीस सुरुवातीला नको. संत्र्याची फोड सालासकट खाल्ली तर अडकते, रस चालतो.

फवारणीचा पंप, कापसाचं गाठोडं डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुसऱ्यानं उचलायचं. पिशवी एकतृतीयांश भरली की संडासात रिकामी करा. वापरलेली कागदात गुंडाळून प्लास्टिकमध्ये बांधा. उकिरड्यावर उघडी टाकली की कुत्री ओढतात.

आणि एसटीनं जायचं असेल तर भोक कापून ठेवलेल्या दोन पिशव्या, पाण्याची बाटली, फडकं आणि एक जास्तीचा पायजमा सोबत ठेवा.