थाईम पावसाळ्यात का मरतो? या चुका टाळा

जूनमध्ये लावला आणि जुलैत कुजला. बेळगाव-खानापूर पट्ट्यात थाईमची, म्हणजे स्वयंपाकात वापरायच्या या सुवासिक पानांच्या झुडपाची, ही रड दरवर्षी ऐकू येते आणि खापर हवेवर फुटतं. पण सुमारे 750 मीटर उंचीवरचा बेळगावचा हिवाळा, कोरडा नि गार, थाईमला छान मानवतो. हे भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरचं झाड. त्याला मारतात कुंडीतली माती आणि पाणी घालणारा हात.

नर्सरीतून आणलेलं रोप पिशवीतून काढून नीट बघा. मुळांभोवती बहुतेकदा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा असतो. तो तसाच मातीत बसवला की भोवतीची माती सुकते, पण मधला गोळा कित्येक दिवस ओला राहतो. वरून बोट लावलं तर कोरडं लागतं, म्हणून पाणी घातलं जातं. पुढे शेंडे मलूल होतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे झाड तहानल्यासारखं दिसतं आणि त्याला आणखी एक तांब्या पाणी मिळतं. मग खालची पानं काळपट होऊन गळतात, बुडाशी खोड मऊ पडतं. कुंडी उपडी केली की आंबूस वास येतो. मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो.

इथवर गेलेलं रोप वाचवत बसू नका. हिरवे राहिलेले शेंडे 7 ते 10 सेंमी लांबीचे कापा, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा आणि ओलसर वाळूत सावलीला खोचा. 4 ते 6 आठवड्यांत मुळं धरतात. मधेच उपटून बघण्याची सवय सोडा, त्यानेच निम्म्या काड्या वाया जातात.

नवं रोप लावताना गोळा बादलीभर पाण्यात बुडवून निम्मं कोकोपीट हलक्या हाताने सोडवा. कुंडी मातीची, 8 इंची, तळाला मोकळं भोक असलेली घ्या. दोन भाग तांबडी माती, दोन भाग जाड वाळू किंवा चाळलेली जांभ्याची खडी, आणि जुनं शेणखत एकच भाग. खानापूरकडची माती आंबट असते, तिथे कुंडीमागे चमचाभर शेतीचा चुना मिसळा. चिकोडी, अथणी, रायबागकडच्यांनी काळी माती कुंडीत घालूच नये. थोडी वाळू मिसळून ती सुधारत नाही, पाणी धरतेच. पाणी कधी घालायचं हे कुंडी उचलून ठरवा. हलकी लागली तरच, आणि मग तळातून निथळेपर्यंत.

मेअखेरीस एक तृतीयांश छाटणी करा, म्हणजे आत वारा खेळेल. मृगापासून नवरात्रापर्यंत कुंडी पत्र्याखाली, पण पागोळीपासून लांब आणि उजेडात ठेवा. छाटताना पानं नसलेल्या जून लाकडापर्यंत जाऊ नका, तिथून सहसा फुटत नाही. युरियाने झाड लुसलुशीत वाढतं आणि वास पातळ होतो. घाई असेल तर कोथिंबीर लावा, थाईमला बसायलाच काही महिने लागतात.

दुसरी मोठी गफलत नावाची. ओव्याची पानं, म्हणजे कन्नडमधलं दोड्डपत्रे, थाईम समजून घरोघरी लावली जातात. त्यांचं पान जाड, रसाळ, लवदार, कडेला दातेरी असतं. भजी करावी ती याचीच. थाईमचं पान जेमतेम 5 ते 10 मिमी, कडा खाली दुमडलेल्या, काडी तारेसारखी. मसाल्यातल्या ओव्याच्या दाण्याचा वासही थाईमच्या जवळचा वाटतो, कारण दोन्हींत थायमॉल हा वासाचा पदार्थ आहे. म्हणून थाईम नसेल तर चिमूटभर ओवा चालतो, पण दोन्ही सारख्याच मापाने घालू नका. ओवा भलताच तिखट पडतो.

जातींची अदलाबदल स्वयंपाकात चटकन कळते. साधा थाईम मटणाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोच्या सारात सुरुवातीलाच घाला, तो उकळी सोसतो. लेमन थाईमचा लिंबाळ वास उकळीत उडतो. तो गॅस बंद केल्यावर, मासे, पनीर किंवा चहात घाला. कॅरवे थाईमला शहाजिऱ्याचा वास असतो, तो उकडलेल्या बटाट्याशी आणि घरच्या लोण्याशी फार जमतो. क्रीपिंग थाईम मुख्यतः जमिनीवर पसरायला लावतात. फरशांच्या फटीत तो सुंदर दिसतो, मात्र जांबोटी-कणकुंबीच्या पावसात उघड्यावर टिकत नाही.

लेमन थाईम बियांपासून हुबेहूब येत नाही, काडीच लावा. साध्याचं बी मातीत पुरू नका, वरच टाकून दाबा. उजेड लागतो, दोन-तीन आठवडे थांबा. पानं उन्हात वाळवू नका, जुड्या करून सावलीत टांगा. ताजी तीन चमचे लागत असतील तिथे सुकी एकच चमचा.

पिवळ्या किंवा पांढऱ्या कडांच्या जातीत मधेच पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती बुडापासून काढा, नाहीतर ती जोमाने वाढून बाकीच्या फांद्यांना दाबते. आणि तीन-चार वर्षांनी झाड खालून लाकडी होतंच. ते व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात दोन-चार काड्या वाळूत लावून ठेवा.