चाळिशीनंतर डबल स्ट्रंग हार्प शिकायचाय? असं सुरू करा

हार्प म्हणजे उभ्या तारांचं, बोटांनी छेडायचं पाश्चात्य वाद्य; डबल स्ट्रंगमध्ये तारांच्या दोन समांतर रांगा असतात, दोन्हीत तेच सूर, एक उजव्या हाताला एक डाव्या, त्यामुळं हात एकमेकात अडकत नाहीत आणि तोच सूर पाठोपाठ दोन्हीकडं छेडला की घुमल्यासारखा येतो, लई भारी वाटतं. लाल तार म्हणजे पाश्चात्य सूर सी, निळी किंवा काळी एफ. सीला सा धरला तर एफ म्हणजे शुद्ध म, पेटी येत असेल तर पटकन बसतं. करंगळी वापरायची नाही. अंगठा वर, तार छेडली की बोट तळव्याकडं मिटवायचं, पहिला महिना एवढंच करा, गाण्याची घाई नको. आधी ट्यूनिंग रोज, कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेनं सूर हलतातच. मी रंकाळ्यावरनं फिरून आलो की २० मिनिटं बसतो, आधी एकेक हात, मग दोन्ही.