मार्क आहेत, पण जागा गेली: प्रवेशाच्या वर्षी या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की पुण्यात जनता वसाहतीत, काशेवाडीत, येरवड्यात पेढे वाटले जातात आणि त्याच आठवड्यात कागदांची धावपळ सुरू होते. मुलाला मार्क असतात, राखीव प्रवर्गातून चांगलं कॉलेज मिळेल एवढा पर्सेंटाइलही असतो. नसतो तो एखादा दाखला. घरातलं पहिलंच पोर इंजिनिअरिंगच्या किंवा फार्मसीच्या दारात पोहोचलेलं असताना जागा कागदापायी जाते, हे मला सहन होत नाही. आणि यातल्या बहुतेक जागा निकालाच्या कितीतरी आधी, अकरावी-बारावीतच गेलेल्या असतात.

जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त जागा इथे जातात. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, तर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो ते, जात पडताळणी समिती देते. व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव जागा हवी असेल तर दोन्ही लागतात. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजच्या सही-शिक्क्याने व्हॅलिडिटीचा अर्ज करता येतो, तरीही अर्ज निकालानंतर भरला जातो. समितीच्या पावतीवर प्रवेशाची नोंदणी होते, म्हणून घरचे निर्धास्त होतात. ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर मुलाला खुल्या प्रवर्गात टाकलं जातं. एखाद्या वर्षी शासन मुदतवाढ देतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

पुण्यातल्या वस्त्यांची अडचण थोडी वेगळी आहे. समजा, एका ओबीसी मुलीचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात भूम तालुक्यातून पुण्याला आले. मुलीचा जन्म ससूनमधला, शाळा महापालिकेची, रेशनकार्ड पुण्याचं. पण ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी कुटुंबाचं वास्तव्य बघितलं जातं ते १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेचं. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आहे. १९६७ साली आजोबा भूमला होते, म्हणजे पुरावाही तिकडेच शोधायला हवा. तो पुण्यात शोधत बसण्यात महिने जातात.

गावच्या जिल्हा परिषद शाळेतून आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या जुन्या रजिस्टरातली नोंद, मागा. ते शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा चालतो. तोही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाच्या (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींच्या) नकलेसाठी अर्ज करा. वडील, काका, आत्या, चुलत भाऊ यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत सगळ्यात भक्कम. मात्र नातं वडिलांकडूनच लागतं, आईकडच्या नातेवाइकांचा कागद उपयोगी पडत नाही. सुट्टीत गावाला जाणार असाल तर जत्रेसोबत हेही काम उरकून या.

जुन्या उताऱ्यांत आणखी एक गोष्ट हमखास दिसते. गुरुजींनी आजोबांचं नाव ‘तुक्या सख्या’ असं लिहिलेलं असतं आणि रेशनकार्डावर ‘तुकाराम सखाराम’ असतं. दलित-भटक्यांच्या पोरांची नावं तेव्हा अशीच लिहिली जात. घाबरू नका. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि वंशावळीत तसा स्पष्ट उल्लेख करा. मुलाच्या स्वतःच्या एलसीवर जातीची किंवा नावाची चूक असेल तर ती शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर ती दुरुस्ती फार जड जाते.

अनुसूचित जमातीच्या मुलांनी लक्षात ठेवा की त्यांची पडताळणी समिती वेगळी असते.

सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर

ही चूक दिसायला क्षुल्लक, पण तिने वर्ष वाया जातं. अर्ज कॅफेत भरला, तुमच्याकडे ईमेल नव्हता, म्हणून त्याने स्वतःचा टाकला, नंबरही त्याचाच. महिन्याने समितीने त्रुटी काढली: ‘आजोबांच्या उताऱ्याची मूळ प्रत सादर करा.’ तो निरोप कॅफेच्या मेलमध्ये पडून राहिला आणि तुम्हाला वाटत राहिलं की फाइल पुढे सरकते आहे. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, तिच्या राउंडच्या लॉगिनचंही हेच होतं. ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर गेला तर तुमचा पसंतिक्रम दुसऱ्याच्या हातात गेला. दहावीनंतर लगेच मुलाच्या नावाचा एक ईमेल उघडा आणि घरातला एक नंबर ठरवा. प्रवेश पूर्ण होईपर्यंत तो बदलू नका. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

नॉन-क्रिमिलेयर काढताना होणारे गैरसमज

वडील महापालिकेत सफाई कामगार, पगार वर्षाला ८ लाखांच्या वर, म्हणून नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे कुटुंब मागासवर्गातल्या सधन गटात मोडत नाही असा दाखला, मिळणार नाही असं समजून कित्येक ओबीसी आणि भटक्या जमातींची कुटुंबं अर्जच करत नाहीत. या दाखल्यासाठी उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याचं मूल निव्वळ पगारामुळे क्रिमिलेयरमध्ये जात नाही. ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातले आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि फी सवलतीच्या योजनांना मात्र सगळं उत्पन्न धरतात, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका. अनुसूचित जाती-जमातींना हा दाखला लागतच नाही, उगाच रांगेत उभे राहू नका.

दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. डिसेंबरात हौसेने काढलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरू शकतो, म्हणून मुदत वाचूनच घरी घेऊन या.

आयआयटीसाठी, पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याचा एसईबीसी, म्हणजे मराठा समाजासाठीचा प्रवर्ग, केंद्रात नाही. तिथे मराठा विद्यार्थी निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसमधून अर्ज करतो.

कॅपच्या बाहेर प्रवेश घेणं

पुण्यात चौकाचौकात विद्यापीठांचे फलक आहेत. ‘थेट प्रवेश, जागा मर्यादित’ असं वाचून गावाकडचे आईबाप घाबरतात आणि कॅपची पहिली फेरी लागायच्या आत उसने पैसे भरून मोकळे होतात. पुढे वर्षभर शिष्यवृत्तीची वाट बघतात आणि ती येत नाही. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला असला पाहिजे. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं या योजनेत नाहीत. पैसे भरण्याआधी कार्यालयात एवढंच विचारा: ‘ही जागा कॅपची आहे का, आणि महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, हा कोर्स दिसतो का?’ उत्तर गोलमोल आलं तर उठून या.

कॅपचा अर्ज भरतानाही एक गोष्ट निसटते. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा मंजूर संख्येपेक्षा ५ टक्के जादा असतात आणि त्या कुठल्याही जातीच्या, ८ लाखांच्या आतल्या कुटुंबातल्या मुलाला मिळतात. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. साधा कोड भरला आणि टीचा राहिला, तर फी माफीसाठी तुमचा विचारच होत नाही. कटऑफ वर जातो, तरी यादीत वर घाला. पण पहिला पसंतिक्रम विचार करूनच लिहा, कारण पहिल्या फेरीत तोच मिळाला तर जागा आपोआप फ्रीज होते आणि पुढच्या फेऱ्यांना मुकावं लागतं.

बारावीला मार्क कमी पडतील अशी धास्ती असेल तर दहावीनंतर गणेशखिंड रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. हा रस्ता मला खरोखर चांगला वाटतो, कारण फी कमी आणि हातात काम लवकर.

राहण्या-खाण्याचा विचार शेवटी करणं

बाहेरगावच्या मुलाचं शिक्षण फीपेक्षा खोलीभाड्याने जास्त थांबतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, मात्र ते सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना. ‘तिथे नंबर लागणारच नाही’ म्हणून वसतिगृहाचा अर्जच न करणारे इथेच अडकतात. अनुसूचित जमातींसाठी स्वयं योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं १९५५ पासून गरीब ग्रामीण मुलांसाठी चालू आहेत, तिथेही वेळेत अर्ज करा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना वरखर्चाला आधार देते.

शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात आली नाही तर आधी बँकेत जा. आधार नुसतं खात्याला जोडलेलं पुरत नाही, थेट लाभासाठी कुठलं खातं जोडलं आहे ते विचारा. बऱ्याचदा पैसे दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात पडलेले सापडतात.

कॉलेज म्हणतं, ‘आधी पूर्ण फी भरा’

शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही खिडकीवर अडवलं तर वाद घालत बसू नका. प्राचार्यांच्या नावाने दोन ओळींचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तीच प्रत घेऊन त्याच दिवशी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. कॉलेजात हजर होण्याची मुदत दोन-चार दिवसांचीच असते आणि ती तुमच्या तक्रारीसाठी थांबत नाही, म्हणून सोबत जागा मिळाल्याच्या वाटपपत्राची (अलॉटमेंट लेटरची) प्रत ठेवा आणि शेवटची तारीख अर्जात ठळक लिहा.