मुद्दाम बिघडवलेले अभिजात संगीत : वाजवताना आणि ऐकताना या चुका टाळा

14 जून 1787 या दिवशी व्हिएन्नातील संगीतकार मोत्सार्टने स्वतःच्या रचनांच्या सूचीत ‘आइन म्युझिकालिशर श्पास’, म्हणजे ‘सांगीतिक विनोद’, या रचनेची नोंद केली. दोन व्हायोलिन, व्हियोला (व्हायोलिनहून थोडे मोठे तंतुवाद्य), बास आणि दोन हॉर्न (फुंकून वाजवायची पितळी वाद्ये) यांच्यासाठी लिहिलेल्या या चार खंडांच्या रचनेत (क्योखेल यांच्या सूचीतील क्रमांक के. 522) एका नाकर्त्या संगीतकाराच्या हातून जे जे बिघडू शकते, ते ते मोत्सार्टने विलक्षण कसबाने लिहून ठेवले आहे. पुण्यातील आमच्या हौशी वादकांच्या गटाने ही रचना एका घरगुती बैठकीत सादर केली, तेव्हा कोणीही हसले नाही. श्रोते अवघडून बसले होते आणि आमचा सराव कमी पडला, अशीच बहुतेकांची समजूत झाली. तो प्रयोग का फसला, याचा विचार करताना ज्या चुका ध्यानात आल्या, त्यांतील बऱ्याचशा या प्रकारचे कोणतेही संगीत वाजवणाऱ्याच्या वाट्याला येतात, म्हणून त्या येथे मांडत आहे.

लिहिलेल्या चुकांत स्वतःच्या चुकांची भर

सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वाभाविक चूक हीच आहे. रचना विनोदी आहे आणि तिच्यात बेसूरपणा आहे, हे कळले की वादकाचा हात सैल पडतो. थोडे कणसूर लागले तरी चालेल, लय जरा ढळली तरी ती गंमतीचाच भाग ठरेल, असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात येथे नेमके उलटे घडते.

या रचनेचा शेवटच पाहावा. अखेरच्या आघातांत प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीत जाऊन पोचते. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे, तर हॉर्न मूळच्या पांढरी चारमध्ये ठाम राहतात, पहिले व्हायोलिन पांढरी पाचमध्ये, दुसरे पांढरी सहामध्ये, व्हियोला काळी दोनमध्ये आणि बास काळी पाचमध्ये समाप्ती करतो. पाच पट्ट्या एकाच वेळी कानावर आदळतात. त्यातील प्रत्येक स्वर आपापल्या पट्टीत काटेकोर सुरात असेल, तरच ऐकणाऱ्याला असे जाणवते की सगळे जण पूर्ण आत्मविश्वासाने घरी पोचले आहेत, मात्र प्रत्येकाचे घर वेगळे आहे. तेच स्वर जरासे घसरले की पाच पट्ट्या पाच राहत नाहीत, त्यांचा एक गढूळ गोंगाट होतो आणि मोत्सार्टने योजलेली गोष्ट नाहीशी होते. आमच्या बैठकीत हेच झाले होते.

संथ खंडाच्या अखेरीस पहिल्या व्हायोलिनला एकट्याने वाजवायची जी कडेंझा आहे, तिलाही हाच न्याय लागू आहे. तेथे सुरावट वर वर चढत जाते आणि जिथे अर्ध्या स्वराचे अंतर यायला हवे तिथेही पूर्ण स्वराचेच अंतर घेत भलत्याच ठिकाणी जाऊन पोचते. हे अंतर ऐकणाऱ्याला मोजता आले पाहिजे. वादकाची बोटे वरच्या सप्तकात डळमळली, तर संगीतकाराचा हिशोब चुकला आहे हे कळतच नाही, केवळ वादकाची बोटे चुकली असे वाटते. म्हणून हा भाग संथ लयीत, एकेक स्वर तपासून, एखाद्या गंभीर कन्चेर्टोच्या (एक प्रमुख वादक आणि वाद्यवृंद यांच्या रचनेच्या) कडेंझाइतकाच वेळ देऊन बसवावा.

थट्टा कोणाची आहे, याविषयी गैरसमज

या रचनेला फार पूर्वीपासून ‘खेडवळ वादकांचे संगीत’ अशा अर्थाचे एक टोपणनाव चिकटले आहे आणि बऱ्याच कार्यक्रमपत्रिकांत ते आजही दिसते. हे नाव मोत्सार्टने दिलेले नाही आणि ते दिशाभूल करणारे आहे. येथे थट्टेचा मुख्य रोख वादकांवर नसून कच्च्या संगीतकारावर आहे. वाक्यांची लांबी विषम आहे, सुरावट पुढे सरकत नाही, नुसत्या साथीचे बार (मात्रांचे ठरावीक गट) येत राहतात, दोन भाग एकमेकांना धरून समांतर पंचमांनी चालतात, आणि शेवटच्या खंडात फ्यूगचा (एकच सुरावट एकामागून एक वाद्यांनी उचलत जाण्याच्या रचनेचा) आव आणून सुरू झालेली चर्चा काही पावलांतच बारगळते. हे सगळे लेखणीचे दोष आहेत. केवळ काही ठिकाणी, उदाहरणार्थ मिन्युएट या नृत्यखंडात हॉर्न भलते स्वर घेतात तेव्हा, वादकही त्या थट्टेत सापडतो, आणि तेथेही मोत्सार्टने ‘डोल्चे’, म्हणजे मधुरपणे, अशी सूचना लिहिली आहे.

हा भेद कळला की वाजवण्याची सारी रीत बदलते. आपण अडाणी वादकांचे सोंग करायचे नसते. आपण उत्तम वादक आहोत आणि आपल्यासमोर एक वाईट रचना आली आहे, तिच्यावर पूर्ण श्रद्धा ठेवून आपण ती सादर करत आहोत, अशी ही भूमिका आहे. साथीच्या त्या रिकाम्या बारांना जितक्या जिव्हाळ्याने आकार द्यावा, तितके त्यांचे रिकामेपण उघडे पडते.

आणखी एक कथा पसरलेली आहे. मोत्सार्टचे वडील लिओपोल्ड 28 मे 1787 रोजी साल्झबुर्गमध्ये वारले आणि त्यानंतर सूचीत झालेली पहिली नोंद याच रचनेची आहे, म्हणून हा मुलाने बापावर उगवलेला सूड किंवा दुःखावरची विचित्र प्रतिक्रिया आहे, असे लिहिले जाते. संगीत-संशोधक ॲलन टायसन यांनी मोत्सार्टने वापरलेल्या कागदाचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यावरून या रचनेचे काम वडिलांच्या निधनाच्या बरेच आधी सुरू झाले होते, हे स्पष्ट झाले आहे. निवेदनात ही कथा सांगू नये. ती खोटी तर आहेच, शिवाय ती ऐकलेला श्रोता हसायला कचरतो.

‘छपाईतील चूक’ म्हणून दुरुस्ती करणे

आमच्या गटातील एका वादकाने आपल्या प्रतीवर पेन्सिलीने तीन ठिकाणी दुरुस्त्या केल्या होत्या, कारण कोणीतरी उतरवून घेताना चूक केली असावी, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले होते. त्यांचा कान चांगला होता, म्हणूनच ही चूक झाली. अशा वेळी संशय आलेल्या प्रत्येक जागेवर खूण करून ती ‘नॉए मोत्सार्ट आउसगाबे’ या संशोधित आवृत्तीशी ताडून पाहावी. साल्झबुर्गच्या मोत्सार्टेउम या संस्थेने ती इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य पाहता येईल अशी ठेवली आहे. मगच ठरवावे, की ही चूक मोत्सार्टची आहे की प्रत काढणाऱ्याची.

याच्या उलट बाजूचा एक अनुभवही सांगतो. हॉर्न वाजवणारे दोन जण आम्हाला मिळाले नाहीत, म्हणून आम्ही तो भाग इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर घेतला. स्वर अचूक लागले, तरी विनोद मात्र तिथेच संपला. मोत्सार्टच्या काळातील हॉर्नला स्वर बदलणाऱ्या झडपा (व्हॉल्व्ह) नव्हत्या. ओठांच्या ताणावर आणि वाद्याच्या तोंडात घातलेल्या हातावर स्वर काढावा लागे, त्यामुळे हॉर्नचा स्वर निसटणे हा मैफलीतील नेहमीचा धोका होता, आणि आजही ते वाद्य निसरडेच मानले जाते. ही भीती श्रोत्याच्या मनात आधीपासून असते, म्हणून हॉर्नच्या त्या भलत्या स्वरांना अर्थ येतो. कीबोर्डचा स्वर निसटत नाही, त्यामुळे तोच भलता स्वर तेथे केवळ चुकीची पट्टी दाबल्यासारखा वाटतो. हॉर्नवादक नसतील तर माझ्या मते ही रचना घेऊच नये.

श्रोत्याला नियम ठाऊक नसणे

हा दोष वादकांचा नाही, पण त्यावर उपाय त्यांनीच करायचा असतो. चूक ओळखायची, तर बरोबर काय ते कानात बसलेले असावे लागते. महाराष्ट्रात तानपुऱ्यावरील षड्ज-पंचम ऐकत वाढलेल्या कानाला दोन सुरावटी पंचमाच्या अंतराने बरोबरीने चालल्या, तर त्यात काहीही वावगे वाटत नाही, उलट भरदारच वाटते. व्हिएन्नात स्वररचना शिकणाऱ्या मुलाला मात्र ही गोष्ट पहिल्याच धड्यात निषिद्ध म्हणून सांगितली जाई, कारण दोन स्वतंत्र चालींनी एकमेकींना चिकटून चालल्याने त्यांचे स्वातंत्र्य संपते. त्यामुळे व्हिएन्नात हशा पिकवणारी जागा पुण्यात कोणाच्या लक्षातही न येता निघून जाते.

त्यावर लांबलचक भाषण करणे ही पुढची चूक आहे. आम्ही दहा मिनिटे समजावून सांगितले आणि श्रोते परीक्षेला बसल्यासारखे ऐकू लागले. त्यापेक्षा चांगला उपाय मोत्सार्टनेच करून ठेवला आहे. 10 ऑगस्ट 1787 या तारखेने, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांनी, त्याच सूचीत ‘आइने क्लाइने नाख्टम्युझिक’ची (के. 525) नोंद आहे. तिचा पहिला खंड आधी वाजवावा आणि मध्ये काहीही न बोलता ‘विनोदा’चा पहिला खंड सुरू करावा. पहिल्या रचनेत प्रत्येक वाक्याला उत्तर मिळते, प्रत्येक उत्तर वेळेवर येते. दुसरीत प्रश्नच अर्धवट राहतो. दुसऱ्या बैठकीत आम्ही असे केले, तेव्हा एकही संज्ञा न सांगता लोक जागच्या जागी हसले.

हायडनच्या विश्रांतीत घाई

मोत्सार्टचा समकालीन संगीतकार हायडन याच्या 1781 मधील ओपस 33 संचातल्या ई-फ्लॅट मेजरमधील दुसऱ्या क्वार्टेटची (चार तंतुवाद्यांच्या रचनेची) गोष्ट वेगळी आहे. तेथे काहीही बेसूर नाही, पण शेवट मुद्दाम बिघडवलेला आहे. मूळ धुनेचे चार तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यानंतर शांतता येते, धून पूर्ण होते आणि मग आणखी लांब शांततेनंतर पहिला तुकडा हलक्या आवाजात पुन्हा येतो आणि रचना तिथेच थांबते. सम येणार म्हणून हात उचलावा आणि सम येऊच नये, असा हा प्रसंग आहे.

येथील नेहमीची चूक म्हणजे विश्रांतीचे बार न मोजणे. शांतता वादकाला नेहमीच आहे त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून तो ती कापतो. मनातल्या मनात मात्रा मोजाव्यात आणि चौघांनी त्या सारख्याच मोजाव्यात. गज खाली आणू नयेत, पण ‘आता पाहा’ असा भाव आणत ते हवेत ताठही धरू नयेत. मध्येच टाळ्या पडल्या तर थांबून हसू नये. मोजणी चालू ठेवावी आणि ठरल्या क्षणी पुढचा तुकडा सुरू करावा. श्रोत्यांची फसगत व्हावी, अशीच ती रचना आहे.

हायडनच्याच साठाव्या सिम्फनीत, ‘इल दिस्त्रातो’मध्ये, शेवटचा खंड सुरू होऊन थोडे पुढे जातो न जातो तोच व्हायोलिनवादक थांबून आपली सर्वांत खालची तार जुळवून घेतात, कारण ती एक स्वर खाली उतरवून ठेवलेली असते. येथे तार खरोखर उतरवून ठेवावी. जुळवण्याचा नुसता अभिनय लगेच ओळखू येतो.

सगळे वाईट वादन एकाच माळेत ओवणे

बीबर या संगीतकाराच्या 1673 मधील ‘बातालिया’ या रचनेत दारू प्यायलेले शिपाई आठ निरनिराळी गाणी एकाच वेळी गातात, आणि येथे सर्वत्र विसंवाद आहे, असे बीबर स्वतः प्रतीवर लिहून ठेवतो. ते एका दृश्याचे चित्रण आहे. फ्रेंच संगीतकार सँ-साँसच्या 1886 मधील ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’मध्ये दोन पियानोवादक सरगमीचे पलटे घोटत बसतात आणि छापील प्रतीत त्यांनी नवशिक्याच्या अडखळण्याची नक्कल करावी, अशी टीप आहे. ती नक्कल दोघांनी आधी एकत्र बसून ठरवावी, नाहीतर ज्याला जसे सुचेल तसे अडखळल्याने तारवाद्यांचे मधले आघात कुठे द्यायचे, तेच कळेनासे होते.

बेसूर गाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन गायिका फ्लॉरेन्स फॉस्टर जेंकिन्स यांना मात्र या यादीत घालू नये. 25 ऑक्टोबर 1944 रोजी वयाच्या 76व्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये गाताना त्या कोणाचेही विडंबन करत नव्हत्या. त्या मनापासून गात होत्या आणि लोक त्यांना हसत होते. त्यांचे ध्वनिमुद्रण ‘विनोदी अभिजात संगीत’ म्हणून विद्यार्थ्यांना ऐकवले जाते, तेव्हा मला वाईट वाटते. 1970 मध्ये संगीतकार गॅव्हिन ब्रायर्स यांच्या पुढाकाराने इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या कला विद्यालयात सुरू झालेला पोर्ट्समथ सिंफोनिया हा वाद्यवृंद मुद्दाम केलेला विनोद आणि जेंकिन्स यांचे मनापासूनचे गाणे या दोहोंच्या मधला म्हणता येईल. त्यात वाद्य न येणारे, किंवा येत असेल तर नवखे वाद्य हाती घेणारे लोक घेतले जात, पण प्रत्येकाने तालमीला यावे आणि शक्य तितके चांगलेच वाजवावे, असा दंडक होता. मुद्दाम वाईट वाजवणे तेथे मान्य नव्हते. 1974 मध्ये त्यांनी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम केला, आणि त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना हसू येते ते त्या धडपडीच्या खरेपणामुळे.

तालमीचा एक क्रम

पुन्हा के. 522 कडे येतो, कारण तिच्या शेवटच्या आघातांची तालीम कशी करावी, हे कोणीतरी आम्हाला आधी सांगायला हवे होते. प्रथम प्रत्येक वादकाने आपले अखेरचे आघात एकट्याने, ट्यूनर (सूर तपासण्याचे उपकरण) समोर ठेवून वाजवावेत. मग दोघादोघांच्या जोड्या कराव्यात: बास आणि व्हियोला, पहिले आणि दुसरे व्हायोलिन, आणि हॉर्नबरोबर आळीपाळीने एकेक जण. शेजारच्याशी जुळवून घेण्याची कानाची सवय येथे आड येते. हात नकळत सरकतो आणि विसंवाद सौम्य होतो, म्हणून जोडीत वाजवतानाही ट्यूनरवर लक्ष ठेवावे. शेवटी सर्वांनी एकत्र, पूर्ण जोराने, एकाच क्षणी सुरू करून एकाच क्षणी थांबावे, आणि आवाज विरेपर्यंत कोणीही कोणाकडे पाहू नये.