खांद्याचे दुखणे वारंवार उलटत असेल, तर व्यायाम करताना या चुका टाळा

खांदा पुन्हा दुखावला की बहुतेकजण त्या दिवशीच्या व्यायामाला दोष देतात. खरी चूक मात्र पुष्कळदा त्याआधीच्या काही आठवड्यांत झालेली असते. वेदना थांबली म्हणजे खांदा बरा झाला असे समजून थेट जुन्या वजनावर परतणे, ही ती चूक होय. स्नायूंची ताकद तुलनेने लवकर परत येते, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना वाढत्या भाराची सवय होण्यास अनेक आठवडे, काही वेळा महिनेही लागतात. म्हणून पूर्वीच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी वजनापासून सुरुवात करावी आणि वजन, आवर्तने व आठवड्यातील दिवस यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, म्हणजे त्रास झाल्यास त्याचे कारण तरी सापडते.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे हात पूर्णपणे थांबवून ठेवणे. खांद्याची खोबण उथळ असल्यामुळे दंडाच्या हाडाचा गोल त्या खोबणीत सांभाळण्याचे मोठे काम रोटेटर कफ म्हणजे सांध्याभोवतीच्या चार स्नायूंच्या गटाकडे असते, आणि दीर्घ विश्रांतीत हेच स्नायू दुबळे होतात. डॉक्टरांनी हालचाल बंद ठेवण्यास सांगितले नसेल, तर न दुखणाऱ्या टप्प्यातला हलका व्यायाम चालू ठेवावा. रबर बँड धरून, कोपर कुशीशी ठेवत हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याचा व्यायाम क्षुल्लक वाटतो. तो कंटाळून सोडू नये.

थोडेसे दुखले तर थांबावे का? 0 ते 10 या मापावर वेदना 3 च्या आत राहत असेल आणि 24 तासांत पूर्ववत होत असेल, तर तो भार सामान्यतः चालण्यासारखा असतो. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले आढळल्यास भार कमी करावा. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम करणे मात्र मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यामुळे हा अंदाजच चुकतो.

ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे सांधा आधीच सैल असतो, त्यामुळे जोर लावून ताण देण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम हिताचे नसतात. चेंडू फेकण्यापूर्वी हात जसा बाजूला उचलून मागे नेला जातो, त्या स्थितीत खांदा पुढच्या बाजूला निखळण्याचा धोका सर्वाधिक असतो. मानेमागे बार नेणारा शोल्डर प्रेस हाताला जवळपास तेथेच नेतो. डिप्समध्ये (दोन समांतर दांड्यांवर हातांच्या जोरावर शरीर खाली-वर करण्याच्या व्यायामात) फार खाली जाणे आणि बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलताना) कोपरे धडाशी काटकोनात पसरणे हेही टाळावे. कोपरे साधारण 45 अंशांवर ठेवावीत. जमिनीवर झोपून, तळवे समोरासमोर ठेवून केलेला डंबेल प्रेस हा चांगला पर्याय आहे, कारण कोपर जमिनीला टेकल्याने हात फार मागे जात नाही. छातीच्या व्यायामांच्या बरोबरीने ओढण्याचे व्यायामही करावेत.

खांदा पुन्हा निखळल्यास, हात अचानक वर उचलता येईनासा झाल्यास, हाताला बधिरपणा आल्यास किंवा रात्री वेदनेने झोपमोड होऊ लागल्यास व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. निखळलेला खांदा स्वतः किंवा सोबत्याकडून बसवून घेऊ नये, कारण त्यात नसांना व रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते.