एका मापनातून बहुविश्व सिद्धांत कसा समजून घ्यावा

बहुविश्व अर्थनिर्वचन, म्हणजे मापनाची सर्व शक्य उत्तरे वेगवेगळ्या विश्वांत प्रत्यक्षात येतात असा क्वांटम सिद्धांताचा अर्थ, अभ्यासताना सुरुवात विश्वांपासून करू नये. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली प्रिन्स्टन येथे जॉन व्हीलर यांच्या मार्गदर्शनाखाली हा विचार मांडला, तेव्हा त्यांनी क्वांटम सिद्धांतात नव्या गृहीतकाची भर घातली नव्हती; मापनाच्या क्षणी तरंगफलन (प्रणालीच्या अवस्थेचे गणिती वर्णन) कोसळते, म्हणजे अनेक शक्यतांपैकी एकच उरते, हे रूढ गृहीतक मात्र वगळले होते. म्हणून एकच प्रयोग घ्यावा आणि श्रोडिंजरचे समीकरण (तरंगफलन काळानुसार कसे बदलते हे सांगणारे) कोठेही न थांबवता तो कागदावर तडीस न्यावा.

त्यासाठी १९२२ चा स्टर्न-गेर्लाख प्रयोग सोयीचा आहे. विषम चुंबकीय क्षेत्रातून जाणारा चांदीच्या अणूंचा झोत दोन भागांत विभागतो. ज्याचे स्पिन (अणूचा चुंबकासारखा दिशा असलेला अंगभूत गुणधर्म) आडव्या दिशेत निश्चित आहे असा अणू घ्यावा. उभ्या दिशेत त्याची अवस्था 'वर' आणि 'खाली' या दोहोंची समान बेरीज असते. उपकरण 'वर' अणूला 'वर' आणि 'खाली' अणूला 'खाली' अशी नोंद करते. समीकरण रेषीय असल्यामुळे, म्हणजे बेरजेतील प्रत्येक पद स्वतंत्रपणे पुढे जात असल्यामुळे, दोन्ही पदे टिकतात: अणू वर व नोंद वर, अधिक अणू खाली व नोंद खाली. यांपैकी एकही पद खोडू नये. पुढे निरीक्षकही याच रीतीने जोडावा. प्रत्येक पदातील निरीक्षकाला एकच स्पष्ट उत्तर दिसलेले असते. एव्हरेट यांनी याला सापेक्ष अवस्था म्हटले. 'विश्वे' ही भाषा भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डिविट यांनी नंतर रूढ केली.

ही पदे एकमेकांत पुन्हा का मिसळत नाहीत, याचे उत्तर परिसरात आहे. हवेचे रेणू आणि प्रकाशकण नोंदीची माहिती सर्वत्र पसरवतात, त्यामुळे पदांमधील व्यतिकरण (एकमेकांवर होणारा लाटांसारखा परिणाम) व्यवहारतः नाहीसे होते. माणसाच्या प्रत्येक निर्णयागणिक विश्व फुटते, ही प्रचलित समजूत येथेच सोडून द्यावी, कारण या प्रक्रियेला मनाची किंवा निवडीची गरज नाही.

सर्वाधिक वेळ संभाव्यतेला द्यावा. 'वर' आणि 'खाली' या पदांच्या सहगुणकांचे (पदांपुढील गुणक संख्यांचे) वर्ग अनुक्रमे २/३ आणि १/३ येतील असा अणू घेऊन तेच गणित पुन्हा करावे. पदे दोनच राहतात, पण प्रयोगात 'वर' हे उत्तर दोन-तृतीयांश वेळा मिळते. म्हणजे शाखा, अर्थात पदे, मोजून संभाव्यता मिळत नाही. सहगुणकाचा वर्ग म्हणजेच त्या उत्तराची संभाव्यता, हा वर्गाचा नियम येथे आपोआप निघतो का, हाच माझ्या मते या अर्थनिर्वचनाचा खरा कस आहे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९९ साली विवेकी निर्णयाच्या नियमांवरून तो सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यावरील वाद अजून मिटलेला नाही. तो युक्तिवाद वाचताना प्रत्येक गृहीतक वेगळे लिहून काढावे आणि त्यात वर्गाचा नियम आधीच दडलेला नाही ना, हे तपासावे.